चढणीचा मासा आणि त्याची अडलेली वाट : कोकणातल्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (गाव ज्यांना अजून ग्रामसेवकच म्हणतं),
पालघर ते सिंधुदुर्ग, नदीकाठच्या सर्व ग्रामपंचायती

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मत्स्यव्यवसाय विभाग; जलसंपदा विभाग; मृद व जलसंधारण विभाग; जिल्हा परिषदांचे बांधकाम विभाग; महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : पावसाच्या तोंडावर चढणीच्या माशांसाठी मासेमारी बंदी, आणि त्या बंदीच्या आधी मोकळी करायची वाट

सन्माननीय सरपंच आणि सहकारी,

१ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. टँकर, घरपट्टी, पाखाडीची दुरुस्ती हे विषय असतीलच. त्यात एक जादा विषय घ्यावा म्हणून हे पत्र. मिरगाच्या तोंडावर पऱ्यांतून आणि व्हाळांतून (लहान ओढ्यांतून) वर चढणाऱ्या माशांचा तो विषय आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाणे-पालघरकडे वलगणीचे. हे मासे घटत चालले आहेत हे नदीकाठच्या माणसाला नव्याने सांगायला नको. घटण्याची कारणं मात्र नीट वेगळी करून सांगायला हवीत, कारण सध्या सगळा दोष एकाच माणसाच्या माथी मारला जातो : हातात बत्ती आणि कोयती घेऊन पऱ्यात उतरणाऱ्याच्या.

हे पत्र आधी खात्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं, कारण पहिल्या पुराच्या रात्री दोन वाजता रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी काय चाललं आहे ते बघायला जिल्ह्याहून कुणी येणार नाही. खात्यांकडे जे मागायचं तेही पुढे मागितलं आहेच.

आधी मासा काय करतो ते पाहू. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. उन्हाळ्यात त्यांची धार तुटते आणि कोंडी, डोह तेवढे उरतात. नदीतला बहुतेक गोड्या पाण्याचा मासा मार्च ते मे त्या डोहांत दाटीवाटीने दिवस काढतो. याच दिवसांत मादीची गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, भरत जाते आणि जूनच्या सुरुवातीला ती तिच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंत पोचू शकते. वळवाच्या एखाद्या सरीने मासा हलत नाही. पाऊस लागून राहिला, पाणी गढुळलं, निवलं आणि तुटलेल्या डोहांना धारेने जोडलं की मग तो निघतो. पहिल्या मोठ्या पुरानंतरच्या दोन-तीन रात्री सगळ्यांत भराच्या. पुढे प्रत्येक मोठ्या पुरामागे लहान-लहान खेपा चालू राहतात. मधल्या धारेशी तो झुंजत बसत नाही, काठाकाठाने, पाण्याचा जोर कमी असेल तिथून चढतो. माणसाच्या हाती इतक्या सहज लागतो तो त्यामुळेच.

चढून तो जातो पऱ्यात, पऱ्यातून बांधाच्या फटीने भाताच्या खाचरात, बुडालेल्या गवतावर. खवल्यांचे बहुतेक मासे तिथे अंडी विखरून टाकतात. जूनच्या कोमट पाण्यात ती साधारण दिवसभरात फुटतात. पुढचे तीन-चार आठवडे पिल्लांना उथळ, संथ आणि बारीक जीवांनी भरलेलं पाणी लागतं, आणि असं पाणी लावणीच्या खाचराइतकं चांगलं दुसरीकडे मिळत नाही. डासांच्या अळ्यांवर ती वाढतात. शेतकऱ्याचा त्यात तोटा नाहीच.

सगळेच मासे असं करत नाहीत. मरळ संथ पाण्यात गवतात जागा साफ करते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर-मादी राखण करतात. पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा दिसला की खाली आई-बाप आहेत हे गळवाल्याला पक्कं ठाऊक असतं, आणि त्या दोघांना उचललं की दोन दिवसांत गोळा इतर माशांच्या पोटात जातो. अहिराची तऱ्हा तर उलटीच : मोठा अहिर अंडी घालायला समुद्रात उतरतो आणि त्याची बोटभर पिल्लं नदी चढून येतात. जिताडाही खाडीकडे उतरूनच अंडी घालतो. म्हणजे वाट वर जाणाऱ्याला हवी तशी खाली येणाऱ्यालाही हवी.

आणि मळ्या. हनुवटीखालच्या चकतीने खडकाला चिकटून राहणारा हा वीतभरही नसलेला मासा ओल्या, खरबरीत कातळावरून सरकत चढतो. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर त्याचं काही चालत नाही. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने इथल्या लोकांनी सांगितलेलीच नावं घेतली. मळ्याचं शास्त्रीय नाव म्हणून आजही ‘गॅरा मुल्ल्या’ आहे, शिंगटीचं ‘मिस्टस सिंगटी’, आणि घाटावरच्या नद्यांतल्या एका बसक्या नाकाच्या माशाचं ‘नुक्ता’, म्हणजे आपला नकटाच. जगभरच्या पुस्तकांत मराठी नावाने नोंदलेले मासे आपल्याच मोरीपाशी अडकून पडतात.

मोरीचं बघा. मागच्या वीस-पंचवीस वर्षांत वाड्यावाड्यांना रस्ते झाले, ते हवेच होते. रस्त्याखाली पऱ्या आला तिथे सिमेंटचा एक किंवा दोन पाइप टाकून भराव केला. पाइप टाकताना तो पऱ्याच्या तळाच्या पातळीवर किंवा थोडा वरच ठेवतात, कारण तसं काम सोपं. चार मीटर रुंद पऱ्याचं पाणी ९०० मिलिमीटरच्या पाइपातून जायला लागलं की त्याचा वेग काही पटींनी वाढतो आणि बाहेर पडताना ते खालचा तळ खणून काढतं. पाच-सहा पावसाळ्यांत पाइपाचं तोंड पाण्यापासून हात-दीड हात वर लोंबकळतं. मासा तिथवर येतो, उडी मारतो, सिमेंटवर आपटतो, पुन्हा मारतो. उडीसाठी खाली उडीच्या निदान सव्वापट खोल पाणी लागतं, ते तिथे नसतं, दगड असतात. शंभर-दीडशे मासे तीन-चार मीटरांच्या डबक्यात अडकून राहतात, आणि अशा वेळी तिथे टोपली घेऊन गेलेल्या माणसाला आपण ‘मासे संपवणारा’ म्हणतो. डबकं कुणी केलं?

नवी मोरी घालताना तीन गोष्टी पाळल्या तर हे टळतं आणि खर्च फारसा वाढत नाही. पाइप त्याच्या उंचीच्या एक पंचमांश तळाखाली गाडायचा, म्हणजे ९०० मिलिमीटरच्या पाइपाला १८ सेंटिमीटर, म्हणजे आतून गोटे-वाळूचा तळ तयार होतो आणि पाण्याचा वेग मोडतो. पाइपांची एकूण रुंदी पऱ्याच्या नेहमीच्या पावसाळी रुंदीइतकी ठेवायची; जमत असेल तिथे पाइपाऐवजी तळ उघडा ठेवणारी चौकोनी मोरी घालायची. आणि पाइप उताराला आडवा-तिडवा न ठेवता पऱ्याच्या ओघातच ठेवायचा. अंदाजपत्रकावर सही होण्याआधी ही तीन वाक्यं त्यात आहेत का हे ग्रामपंचायतीने बघावं. बांधकाम विभागाने आपल्या नमुना नकाशातच ती घालावीत, ही त्यांच्याकडे मागणी.

जुनी, लोंबकळणारी मोरी पाडायची गरज नाही. खाली दगडांचा उतार रचायचा. समजा पाइपाचं तोंड ४० सेंटिमीटर वर आहे. वीसाला एक असा उतार धरला तर रचाई आठ मीटर लांब होते. ४० ते ६० सेंटिमीटरचे मोठे दगड मीटर-मीटरवर आडव्या रांगांत, एक तृतीयांश भाग तळात गाडून बसवायचे. दोन दगडांत १०-१५ सेंटिमीटरची फट ठेवायची आणि पुढच्या रांगेत ती फट तिरकी सरकवायची. अशा आठ रांगांत प्रत्येक पायरी पाच सेंटिमीटरची होते, जी बोटभर माशालाही चढता येते. मध्यभागी रचाई थोडी खोलगट ठेवायची, म्हणजे पाणी कमी असतानाही तिथून धार राहते. काम खालच्या टोकापासून सुरू करायचं. वरून सुरू केलेली रचाई पहिल्याच पुरात वाहून जाते, कारण तिला खालून टेकू नसतो. आणि वरून सिमेंट फासून ‘पक्कं’ करायचा मोह आवरायचा, कारण फटी बुजल्या की ती पुन्हा घसरगुंडी. जांभा वापरू नये, झिजतो. काळा दगड घ्यावा. मे महिन्यात पाच-सहा माणसांचं दोन-तीन दिवसांचं हे काम आहे.

बंधाऱ्यांची गोष्ट याहून मोठी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपताना बरगे (खांबांमध्ये बसवायच्या फळ्या) घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी ते काढतात, ही पद्धत मुळात माशाच्या सोयीचीच आहे. नदी चार महिने मोकळी राहावी अशीच तिची रचना. बिघडतं ते अंमलात. बरगे काढायला उशीर होतो. काढले तरी तळाचे एक-दोन गाळात रुतलेले म्हणून तसेच सोडून देतात. पाण्याला त्याचा फरक पडत नाही, माशाला पडतो : खाली सिमेंटचा सपाट ओटा, त्यावर वितभर पाणी, आणि समोर उभी भिंत. शिवाय अडकलेल्या बरग्यावर ओंडके साचून बंधाऱ्यालाच धोका होतो, हे जलसंधारणवाल्यांना आम्ही सांगायला नको.

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मेला मुंबईत पोचला, आणि कोकणात बरग्यांच्या कामाला जूनचा पहिला आठवडा धरून बसलेल्यांची तारांबळ झाली. म्हणून तारीख मागे घ्या. १५ मेपर्यंत तळाचा बरगाही निघाला पाहिजे. ‘मेअखेर पाणी कुठून आणायचं’ हा प्रश्न खरा आहे, पण मेच्या मध्यापर्यंत बहुतेक बंधाऱ्यांत जे उरतं ते उपसण्याजोगं नसतंच. जिथे खरोखर असेल तिथे बरगे राहू द्या, पण २० मेनंतर हवामान खात्याचा पहिला जोराचा इशारा आला की त्याच दिवशी काढायची माणसं ठरलेली असू द्या. वनराई बंधाऱ्यांच्या पिशव्याही तेव्हाच उचलायच्या. नाहीतर प्लास्टिक खाडीत जातं. ज्या सिमेंटच्या नाला बांधांना दारंच नाहीत, त्यांच्या एका बाजूला वर सांगितल्यासारखा दगडी उतार द्यावा लागेल, दुसरा इलाज नाही.

फक्त मासेमारी बंद करून मासा परत येत असता तर कॅलिफोर्नियात आला असता. तिथला सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या नदीत परत येतो. आपल्या चढणीचा तो दूरचा, धिप्पाड भाऊबंद म्हणा. सॅक्रामेंटो नदीतला सॅमन इतका घटला की २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सॅमनची व्यावसायिक मासेमारी पूर्ण बंद राहिली. होड्या बंदरात बांधून पडल्या. पण नदीवर १९४५ मध्ये पुरं झालेलं शास्ता धरण जागच्या जागी आहे, आणि पूर्वी वरच्या थंड नद्यांत अंडी घालणारा हिवाळी (हिवाळ्यात नदीत शिरणारा) सॅमन आता धरणाच्या पायथ्याशी, भर उन्हाळ्यात अंडी घालतो. पाणी १३ अंशांच्या वर गेलं की अंडी मरायला लागतात. २०१४, २०१५ आणि २०२१ या दुष्काळी वर्षांत बहुतेक सगळी पिढी अशीच अंड्यात किंवा अंड्यातून निघताच गेली. त्याच राज्याच्या उत्तरेला क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये संपलं, आणि त्याच वर्षी काही आठवड्यांत सॅमन धरणांच्या जागा ओलांडून वर गेला. आपल्याकडे १९७५ साली गंगेवर फरक्का बराज (आडवा मोठा बंधारा) सुरू झाला. त्याआधी अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही वर जाणारा हिल्सा मासा गंगेच्या वरच्या अंगातून जवळजवळ नाहीसा झाला. तोही जाळ्याने संपवलेला नव्हता.

एवढं सांगून झाल्यावर आता बंदीचं. बंदी हवीच. वाट मोकळी केली आणि तिच्या तोंडाशी सापळा लावला तर काम फुकट. चढणीचा मासा धरायच्या सगळ्या रीती सारख्या घातक नाहीत. नदीत पाग टाकणारा एका जागी दहा वेळा जाळं फेकतो, त्यातून सुटणारे मासे पुष्कळ. गळाचंही तसंच. खरा घात होतो तो पऱ्या आडवा बांधून, एकच फट ठेवून त्या फटीला कामट्यांचा सापळा लावला की. (त्या सापळ्याचं नाव दर दहा कोसांवर बदलतं, म्हणून नाव देत नाही.) काटे आतल्या बाजूला वळलेले, मासा शिरतो आणि परत फिरत नाही, एका रात्रीत त्या पऱ्याची सगळी खेप टोपलीत. रोहूसारख्या माशात मादीच्या वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या घरात अंडी असतात. आपल्या पऱ्यांतले मासे लहान, त्यांच्यात हजारांनी. गाभोळीची चव न्यारी हे मान्य, पण ताटातली एक गाभोळी म्हणजे खाचरभर पिल्लं.

बंदीची तारीख कॅलेंडरवर ठेवू नका. समुद्रातली बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरलेली असते, तिथे ते चालतं. मध्य प्रदेशात नद्यांची बंदी १६ जून ते १५ ऑगस्ट असते. कोकणात पहिली चढण मेच्या शेवटच्या आठवड्यातही येऊ शकते, मग १६ जूनला सुरू झालेली बंदी वरात गेल्यावर मांडव घातल्यासारखी होईल. आम्ही सुचवतो ते असं : २० मेनंतर ज्या दिवशी तुमच्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदला जाईल, तो पहिला दिवस. ६५ चा आकडा मुद्दाम घेतला, कारण अतिवृष्टीच्या पंचनाम्यामुळे तो तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, आणि मंडळाची नोंद रोज मिळते. त्या दिवसापासून ३० दिवस पऱ्या, व्हाळ, खाचरं आणि मोऱ्या यांत जाळं, सापळा, कोयती, काहीही नाही. मोठ्या नदीत पाग आणि गळ चालू राहील, पण बंधारा किंवा मोरीच्या खाली ५० मीटरपर्यंत नाही. पऱ्याची एक तृतीयांशाहून जास्त रुंदी अडवणारा सापळा बारा महिने बंद.

केरळात याच चढणीला ‘ऊत्त’ म्हणतात, आणि तिथे ती धरायला कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राला नवीन काही शोधून काढायची गरज नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यातही नदीत रोवलेले सापळे, आडवे बांध आणि जाळ्याचा आस (डोळ्याचा आकार) यांवर नियम करण्याचा, ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. मत्स्यव्यवसाय विभागाने चढणीच्या वाटांसाठी असा नियम ठळकपणे जाहीर करावा. तोवर ग्रामसभेचा ठराव. पालघर-ठाण्यातल्या पेसा (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) गावांचा हात इथे अधिक बळकट आहे, कारण १९९६ च्या त्या कायद्यानुसार लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे येतं.

आता अवघड भाग. जून-जुलैत समुद्र बंद, बाजारात मासा महाग, मजुरी लावणीपुरती. कातकरी वाडीवर त्या दिवसांत जे कालवण होतं त्यात चढणीचा वाटा मोठा. त्यांना ‘तीस दिवस खाऊ नका’ असं सांगणारा ठराव हात वर करून मंजूर होईल आणि रात्री मोडला जाईल. मोडणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. म्हणून बंदी विक्रीवर आधी घाला. नाक्यावर टोपल्या लावून गाभोळीचे मासे विकणं आणि शहरातून गाड्या घेऊन ‘चढणीची मजा’ करायला येणं हे दोन्ही त्या ३० दिवसांत पूर्ण बंद. घरच्या कालवणासाठी मोठ्या नदीवर गळ आणि पाग मोकळे आहेतच. ज्या कुटुंबांचं पोट खरोखर या माशावर आहे त्यांना पावसाळ्यातली खावटी (सरकारी अन्नमदत) वेळेवर, मेमध्येच मिळावी, हा ठरावाचाच भाग करा. बांगलादेशात हिल्साच्या पिल्लांसाठी बंदी घालतात तेव्हा नोंदणीकृत मच्छीमार कुटुंबाला महिन्याला ४० किलो तांदूळ देतात. तिथे तो सगळ्यांपर्यंत पोचतो असं नाही, पण बंदीबरोबर तांदूळ द्यावा लागतो एवढं तरी त्यांनी कागदावर मान्य केलं.

मे महिन्यातला दुसरा घात याहून वाईट, आणि त्याला पोटाचं कारण नाही. तुटलेल्या डोहात कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर ओतणं, इन्व्हर्टरच्या तारा सोडणं, जिलेटिन फोडणं. पाच-दहा किलोंसाठी डोहातला सगळा जीव जातो : गाभोळी धरलेल्या माद्या, खेकडे, किड्यांच्या अळ्या, आणि पुढच्या डोहातलं गुरांचं पाणी. जूनमध्ये चढणार तो मासा मेमध्ये याच डोहात होता. म्हणून जूनच्या बंदीपेक्षाही मेमधली डोहाची राखण आम्ही वरची मानतो. सुरुंग आणि विष यांना १८९७ च्या कायद्यातच बंदी होती. तेव्हाची शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. नियम सव्वाशे वर्षं जुना आहे, उणीव फिर्याद देणाऱ्याची आहे. गावातले दोन-तीन खोल डोह निवडून ते बारा महिने राखीव ठेवा. महाडजवळचं वाळण कोंड आणि वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे इथे देवाच्या नावाने माशांना हात लावत नाहीत आणि तिथे मासा टिकून आहे. देवाचं नाव घ्यायचं की ठरावाचं, ते गावाने बघावं.

डोहांना नवा धोका यंत्रांचा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर नदीतला गाळ काढा ही मागणी सगळीकडे जोरात आली आणि ती रास्त आहे. पण पोकलेन नदीत उतरला की तो तळ गटारासारखा सपाट करून येतो. गाळ बेटांचा आणि भरावाचा काढा. डोह आणि त्यांच्या वरच्या-खालच्या गोट्यांच्या पट्ट्या तशाच राहू द्या. कामाच्या नकाशावर राखीव डोह लाल रंगाने दाखवून ठेकेदाराची सही घ्या.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकच मागणी. रोहा, महाड, लोटे, तळोजा अशा औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला पहिल्या ६५ मिलिमीटरनंतरचे ७२ तास रोज पहाटे पाण्यातला प्राणवायू मोजा आणि आकडा त्याच दिवशी जाहीर करा. पहाटे अशासाठी की रात्रभरात तो सगळ्यांत खाली गेलेला असतो. दुपारी बाराला घेतलेला नमुना नेहमीच बरा दिसतो. लिटरमागे पाच मिलिग्रॅमला मासा ठीक असतो, दोनच्या खाली तो तोंड वर काढून हवा गिळायला लागतो आणि मग उलटा होतो. उन्हाळाभर साचलेली घाण पहिल्या पुरात एकदम सुटते, आणि त्या पुराच्या आडून आणखीही काही सोडता येतं. चढणीचा दिवस आणि तो दिवस एकच.

कटला-रोहूचं बीज नदीत सोडून ही घट भरून निघणार नाही. ते उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे मासे; तळ्यात ते चांगले वाढतात, तिथेच सोडा. पऱ्या चढणारा मासा पऱ्यातूनच येईल. थाई मांगूर हा दुसरे मासे खाणारा परदेशी मासा पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे; शेततळ्यात कुणी तो ठेवला असेल तर पुराआधी नष्ट करायला लावा, कारण बांध फुटला की तो थेट खाचरातल्या पिल्लांमध्ये उतरतो.

ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल, आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या : “गावहद्दीतील सर्व बंधाऱ्यांचे बरगे १५ मेपर्यंत तळापर्यंत काढण्यात यावेत, पाणी उरल्यास बरगे २० मेनंतरच्या पहिल्या जोराच्या पावसाच्या इशाऱ्यापर्यंत ठेवता येतील, बरगे काढल्याचा दिनांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. खालील … मोऱ्यांना दगडी उतार मेअखेर करून घ्यावा. … आणि … हे डोह बारमाही राखीव राहतील. २० मेनंतर महसूल मंडळात ६५ मिमी पाऊस नोंदल्याच्या दिवसापासून ३० दिवस पऱ्या, व्हाळ, खाचरे व मोऱ्या यांत मासेमारी, तसेच गाभोळीच्या माशांची विक्री बंद राहील. मोठ्या नदीत गळ व पाग यांस, बंधारे व मोऱ्यांखालील ५० मीटर वगळता, मनाई नाही. विष, विद्युतप्रवाह किंवा स्फोटके वापरणाऱ्याविरुद्ध ग्रामपंचायत स्वतः फिर्यादी होईल. बाधित कुटुंबांच्या खावटीची यादी १० मेपर्यंत पाठवावी.” क्रम बदलू नये अशी विनंती. बरगे आणि मोरी आधी, माणूस नंतर. बरगे काढले नसतील त्या वर्षी बंदीचं कलम लावण्याचा गावाला नैतिक अधिकार उरत नाही, असं आमचं मत आहे, आणि ते ग्रामसभेत कुणी बोलून दाखवलं तर त्याला खाली बसवू नका.

पहाऱ्याला पहिल्या तीन रात्री पुरतात. प्रत्येक मोठ्या मोरीवर दोघे, हातात बॅटरी, पाण्यात न उतरता. पहिल्या पुरात पऱ्या दहा मिनिटांत छातीपर्यंत चढतो.

काम झालं की नाही हे ऑगस्टमध्ये तपासा. खाचरातून पऱ्यात पाणी पडतं त्या फटीशी पांढरं घमेलं दहा मिनिटं धरायचं आणि पिल्लं मोजून परत सोडायची. मोरीच्या खालच्या पाच आणि वरच्या पाच खाचरांत असं केलं, आणि खाली पिल्लं आहेत पण वर नाहीत असं दिसलं, तर दगडी उतारात कुठेतरी पायरी उंच राहिली आहे. तिथे खुणेचा दगड ठेवा आणि पुढच्या मेमध्ये ती रांग उकलून पुन्हा बसवा.

आपले,
कोकणातल्या नद्यांवर मासे धरणारे आणि माशांचा अभ्यास करणारे काही जण